जिथे उडीला किंमत असते

टीव्हीला जोडायचा कॅसेटचा खेळ ज्यांच्या घरी होता, त्यांना मारिओ कोण हे सांगावे लागत नाही. मिशीवाला प्लंबर उड्या मारतो, नाणी गोळा करतो, कासवाच्या पाठीवर पाय देऊन पुढे जातो. एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर उड्या मारत जाण्याच्या अशा खेळांना ‘प्लॅटफॉर्म’ खेळ म्हणतात. मुले लहान असतात तोवर त्यात रमतात. पंधरा-सोळा वर्षांची झाली की त्यांना ते बाळबोध वाटू लागतात. मग हाती येतो तो बंदुकीचा खेळ. मोठ्यांचा खेळ म्हणजे रक्तपात, असा आपलाही समज असतो. हा समज खरा नाही.

अमेरिकेतील जॉर्डन मेकनर या तरुणाचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ साली आला. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. म्हणून हा राजपुत्र माणसासारखा धावतो. धावताना एकदम थांबू शकत नाही. कड्याला बोटांनी लोंबकळतो, आणि उंचावरून पडला तर मरतो. सगळा खेळ साठ मिनिटांत संपवायचा असतो. संगणकाची मेमरी अपुरी असल्यामुळे मेकनरने राजपुत्राच्याच चित्रांतून त्याची सावली तयार केली आणि तिलाच शत्रू केले. तिच्यावर वार केला तर तो आपल्यालाच लागतो. तलवार म्यान केली तरच वाट मोकळी होते. एवढी मोठी गोष्ट हा खेळ एकही शब्द न बोलता सांगतो.

फ्रान्समधील एरिक शाई यांनी जवळजवळ एकट्याने तयार केलेला ‘अनदर वर्ल्ड’ १९९१ साली आला. प्रयोगशाळेवर वीज कोसळते आणि एक तरुण शास्त्रज्ञ परक्या जगात जाऊन पडतो. पडद्यावर ना गुण दिसतात, ना उरलेले जीव. तो कैद होतो. शेजारी त्या जगातलाच एक कैदी असतो. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, तरी ते एकमेकांना वाचवतात.

कष्टकरी माणसाला सर्वांत जवळचा वाटेल तो १९९७ सालचा ‘ऑडवर्ल्ड : एब्ज ऑडिसी’. त्यातले प्राणी विचित्र दिसतात, पण विषय थट्टेचा नाही. एब हा मांसाच्या कारखान्यात लादी पुसणारा गुलाम. मालक आता कामगारांचेच मांस विकणार आहे, हे त्याच्या कानावर पडते. तो पळू शकतो. पण मागे ९९ सोबती आहेत. एबच्या हाती सहसा शस्त्र नसते. सोबत्यांना हाक मारून, ‘माझ्यामागे या’ म्हणत एकेकाला बाहेर काढायचे असते. पन्नासपेक्षा कमी सोबती वाचवले, तर शेवटी एबला वाचवायला कोणी येत नाही. स्वतःपुरते पळणाऱ्याचा शेवट काय होतो, ते खेळणाऱ्याला स्वतःच्या हातानेच कळते.

डेन्मार्कमधील प्लेडेड या कंपनीचे ‘लिम्बो’ (२०१०) आणि ‘इनसाइड’ (२०१६) हे खेळही याच वाटेवरचे आहेत. ‘लिम्बो’मध्ये काळ्या-करड्या अंधारात एक मुलगा आपल्या बहिणीला शोधत जातो. दोन्ही खेळांत मुलाचे मरण अंगावर काटा आणते, त्यामुळे ते लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. ‘इनसाइड’ला अमेरिकेत सतरा वर्षांवरील वयाचा शिक्का आहे.

पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. खेळ घेण्यापूर्वी त्यावरचा वयाचा आकडा पाहावा. युरोपात तो ३, ७, १२, १६ आणि १८ असा असतो. दुसरे म्हणजे, अर्धा तास मुलांच्या शेजारी बसावे आणि विचारावे, “यात मेलेल्या माणसाचे काही वाटते का रे?” वाटत असेल, तर तो खेळ मोठ्यांचा आहे. नुसते गुण वाढत असतील, तर पडद्यावर कितीही रक्त सांडले तरी तो पोरखेळच.