दोन मिलिमीटरचं काम

पिस्टन वरच्या टोकाला पोचायला सुमारे दोन मिलिमीटर उरले असताना ठिणगी पडली पाहिजे. आरडी 350 चं टायमिंग म्हणजे एवढंच. मात्र ते हातानं बसवावं लागतं, आणि सिलिंडर दोन असल्यानं दोनदा बसवावं लागतं. पुण्यात नाना पेठेतल्या एका गॅरेजात मिस्त्री हे काम करत होते आणि मी शेजारी स्टुलावर बसून बघत होतो. पलीकडे त्यांचा भाचा एका केटीएम 390 ड्यूकला स्कॅनर जोडून उभा होता. बघता बघता स्क्रीनवर सगळं उमटलं: इंजिनाचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट, मागे कधीतरी नोंदलेला एक एरर कोड. त्यानं कोड पुसला, सीट लावली, हात धुतले. मामांचं तोवर डाव्या बाजूचं कव्हरही पुरतं उघडलं नव्हतं.

आरडी 350 ही मूळची जपानी यामाहा, 1973 सालची. आपल्याकडे ती दहा वर्षांनी, 1983 मध्ये आली, ती फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं यामाहाशी करार करून ‘राजदूत 350’ या नावानं आणली म्हणून. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक आणि सहा गिअर. तेव्हा बुलेटला आणि येझदीला चार गिअर होते, साध्या राजदूतला तीन. सुरुवातीच्या गाड्यांची ताकद साडेतीस हॉर्सपॉवर होती. पेट्रोल फार पिते म्हणून पुढे सायलेन्सर आणि ब्लॉक बदलून ती सत्तावीसवर आणली. पहिलीला ‘हाय टॉर्क’ म्हणतात, दुसरीला ‘लो टॉर्क’, आणि कुठलीही आरडी विकायला निघाली की पहिला प्रश्न हाच असतो. तेवढं करूनही ॲव्हरेज वीस-पंचविसाच्या पुढे जाईना. दशक संपता संपता गाडी बंद झाली.

मामांनी प्लग काढला आणि त्या भोकात डायल गेज बसवलं. क्रँक हळूहळू फिरवला की काटा पळतो, मंदावतो, क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. थांबतो ते पिस्टनचं वरचं टोक. तिथे शून्य लावायचं. मग क्रँक मागे न्यायचा, पण थेट दोन मिलिमीटरवर नाही. थोडा जास्त मागे नेऊन पुन्हा पुढे आणत दोनवर थांबायचं, म्हणजे मधली ढिलाई निघून जाते. नेमक्या त्या जागी ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची तोंडं उघडायला लागली पाहिजेत. ती उघडली हे डोळ्यांना दिसत नाही. कुणी बल्ब लावून बघतं, कुणी मल्टिमीटर. मामा सिगारेटचा पातळ कागद फटीत धरून हलका ताण देतात. कागद सुटला की पॉइंट उघडला. गंमत म्हणजे मामा सिगारेट ओढत नाहीत. कागदापुरतं पाकीट आणतात.

आता फट. पूर्ण उघडल्यावर ती 0.3 ते 0.4 मिलिमीटर हवी आणि फीलर गेजची पाती घालून ती मोजायची. पण फट बदलली की टायमिंग बदलतं, म्हणून पुन्हा डायल, पुन्हा कागद. पहिल्या सिलिंडरची प्लेट सरकवली की दुसऱ्याचंही टायमिंग सरकतं, म्हणून क्रम चुकवायचा नाही. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोके द्यायला लागतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडायची वेळ येते. उशिरा पडली तर गाडी मरगळते आणि विनाकारण तापते. दोन सिलिंडरांत फरक राहिला तर एक ओढतो आणि दुसरा नुसता सोबत येतो.

मग दोन कार्बोरेटर. एअर फिल्टर काढून मामांनी दोन्हींच्या तोंडात एकेक बोट घातलं आणि भाच्याला थ्रॉटल फिरवायला सांगितलं. आतल्या दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. “डावं आधी येतंय,” मामा म्हणाले आणि केबलचा नट अर्धा फेरा फिरवला. मीही बोटं घालून पाहिली. मला दोन्ही एकदमच आल्यासारखी वाटली.

एवढ्या खटाटोपानंतर जे टायमिंग बसतं ते कायमचं एकच. हजार फेऱ्यांना तेच आणि सहा हजारांनाही तेच. ड्यूकमध्ये क्रँकवरच्या दातेरी चक्राकडे सेन्सरचं लक्ष असतं. थ्रॉटल किती उघडा, हवा किती गार, इंजिन किती तापलंय हे पाहून ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठिणगीची वेळ सतत बदलत राहतो. म्हणजे मामांचं काम संपलेलं नाही, ते आता गाडीच्या पोटात मिनिटाला हजारो वेळा होतंय. कुणा इंजिनीअरनं चाचण्या घेऊन त्याचे तक्ते आधीच भरून ठेवलेत. जुन्या आणि नव्या गाडीची तुलना करताना लोक वेग आणि हॉर्सपॉवर काढून बसतात. मला खरा फरक इथे दिसतो. जुन्या गाडीची ताकद कुणीतरी येऊन पुन्हा पुन्हा जमवायची असते. आकडा पुस्तकात साडेतीस असेल, पण गल्लीतल्या दोन आरड्या कधी सारख्या पळत नाहीत.

टू-स्ट्रोकला ही ताकद येते कुठून? क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं सायलेन्सरमध्ये आहे. ताजं मिश्रण आत येत असताना जळका वायू बाहेर जात असतो आणि त्याबरोबर थोडं ताजं पेट्रोलही निसटतं. सायलेन्सरचा आकार नेमका असेल तर बाहेर गेलेली दाबाची लाट आतल्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि निसटलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. या विद्येचा मोठा जाणकार पूर्व जर्मनीतल्या एमझेडचा वॉल्टर काडेन. 1961 मध्ये त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, ही विद्या घेऊन सुझुकीला जाऊन मिळाला आणि पुढच्याच वर्षी 50 सीसीचा जगज्जेता झाला. जपानी टू-स्ट्रोकच्या चढत्या काळात या पलायनाचा वाटा मोठा आहे.

पण परतणारी लाट ठराविक वेगालाच वेळेवर पोचते. त्या वेगाच्या खाली गाडी साधीच आणि वर गेली की उधळलेली. शिवाय निसटलेलं सगळंच परत येत नाही. ते न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल धूर होऊन मागच्याच्या तोंडावर जातं. यामाहाचीच धाकटी टू-स्ट्रोक आरएक्स 100 मार्च 1996 मध्ये बंद झाली, कारण एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे निकष लागू होत होते. ते योग्यच झालं, असं मला वाटतं. आरएक्सचा आवाज मलाही आवडतो, पण सिग्नलला तिच्या मागे उभं राहून पाहावं.

सध्या मामांची मोठी डोकेदुखी पेट्रोल आहे. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलबरोबर ऑक्सिजन येतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटमधून, त्या बारीक भोकातून, तेवढंच पेट्रोल आलं तरी मिश्रण पातळ पडतं. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, आणि ती वाढत गेली की पिस्टन जाम. जाम झाला की बोअर पाव मिलिमीटरनं वाढवायचा आणि त्या मापाचा पिस्टन शोधत फिरायचं. अस्सल जपानी मिळाला तर नशीब. म्हणून मामा एक नंबर मोठं जेट टाकतात, गाडी ताणून पळवायला लावतात, तशीच बंद करून प्लग काढतात आणि त्याचा रंग बघतात. तपकिरी हवा. पांढुरका दिसला तर जेट आणखी मोठं. ड्यूकला यातलं काही सांगावं लागत नाही. तिच्या सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर फरक ओळखतो आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा राहतो.

ट्रायलसाठी आम्ही कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. आरडीचे मालक, ज्यांना गॅरेजात सगळे काका म्हणतात, ड्यूकवर बसले आणि आरडी मला दिली. पाच हजारांच्या आसपासपर्यंत ती सभ्य होती. पुढे आवाज पातळ, धारदार झाला आणि गाडी एकदम ओढायला लागली. त्या ओढीची नशा खरी आहे. पण आरडीवाले सांगतात तसं 390 ला ती मागे टाकत नाही. नव्या ड्यूकला एका सिलिंडरमधून 46 हॉर्सपॉवर मिळते, तीही खालपासून सलग. वळणात तर तुलनाच नको. आरडीचं पुढचं टायर तीन इंची, आणि मधेच उंचवटा आला की हँडल विचारात पडतं.

उतारावर प्रकरण आणखी अवघड होतं. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जेमतेम. त्यात आरडीचा ऑइल पंप थ्रॉटलला जोडलेला. थ्रॉटल बंद ठेवून घाट उतरलात तर इंजिन वेगात फिरत राहतं आणि ऑइल मात्र नावापुरतं येतं. म्हणून जाणते लोक उतारावर अधूनमधून थ्रॉटल थोडा पिळतात. वेग आवरायचा असताना! आणि आवरायला पुढे ड्रम ब्रेक. दोन-तीन वळणांनंतर तो तापला आणि लिव्हर मुठीकडे यायला लागला. काकांच्या हाताखाली 320 मिलिमीटरची डिस्क आणि एबीएस. ते निवांत पुढे गेले. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे, आणि गेल्या काही दशकांत मोटरसायकलमध्ये झालेली सगळ्यात मोठी सुधारणा मी त्यालाच म्हणेन. ताकद तर 1983 मध्येही पुष्कळ होती.

परत आल्यावर भाच्यानं इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या किटचा विषय काढला. पॉइंट कायमचे जातील, टायमिंग हलणार नाही. काकांनी मान हलवली. गाडी ओरिजिनल राहिली पाहिजे. मला वाटलं मामा काकांची बाजू घेतील, पण ते म्हणाले, “पॉइंटवर प्रेम कुणाचं होतं? दुसरं काही नव्हतं म्हणून लावत होतो.”

मी काकांना म्हटलं, किट राहू द्या, पण पुढे डिस्क तरी बसवा. जपानी आरडीला पहिल्यापासून डिस्क होतीच, ड्रम लावला तो इथे, फरिदाबादला. ओरिजिनल म्हणून तुम्ही कंपनीची काटकसर जपताय.

“असेल,” काका म्हणाले, “पण आपल्याला मिळाली ती तशीच ना!”