कोलेस्टेरॉलची गोळी त्वचेच्या कर्करोगावर चालेल?

घरोघरी रात्री घेतली जाणारी स्टॅटिनची गोळी ही मुळात बुरशीची देणगी! जपानच्या अकिरा एंडो यांनी सुमारे 6,000 सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा 1973मध्ये क्योटोतल्या एका धान्यदुकानातल्या तांदळाच्या बुरशीतून पहिलं स्टॅटिन हाती लागलं. उंदरांवर ते चालेना. शेवटी तारलं ते कोंबड्यांनी. अंड्यात एवढं कोलेस्टेरॉल, तर कोंबडीच्या रक्तातही ते भरपूर असणार, हा एंडोंचा कयास. औषध दिल्यावर कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं.

पण हृदयाच्या औषधाचा कर्करोगाशी संबंध काय? स्टॅटिन पेशीतला जो कारखाना मंदावतं, तिथे कोलेस्टेरॉलखेरीज काही चरबीच्या शेपट्याही तयार होतात. ‘रास’ नावाच्या प्रथिनाला ही शेपटी लागली, तरच ते पेशीच्या पडद्याला चिकटून वाढीचा हुकूम सोडतं. मेलानोमा या घातक त्वचाकर्करोगात अनेकदा हाच वाढीचा हुकूम अखंड सुटत राहतो. प्रयोगशाळेत स्टॅटिननं मेलानोमाच्या पेशी मरतात, हे खरं आहे.

माणसांत? 1998मध्ये टेक्सासमधल्या 6,605 जणांवरच्या हृदयविकार चाचणीचे आकडे आले. लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांत मेलानोमाचे 14 रुग्ण, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत 27. सगळ्यांचे कान टवकारले! पण पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हा फरक टिकला नाही. मेलानोमाच्या धोक्याशी जोडले जाणारे विचित्र तीळ असलेल्या 80 जणांना सहा महिने लोव्हास्टॅटिन किंवा खोटी गोळी देऊन पाहिली. तिळांत काही फरक पडला नाही. तो निष्कर्ष 2014चा.

मला सर्वांत भावतं ते स्टॅटिनचं मलम. पोरोकेराटोसिस या आजारात त्वचेवर उंच काठाची वर्तुळं उठतात आणि त्यातली काही पुढे कर्करोगाकडे वळतात. अनेक रुग्णांत दोष असतो तो कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या त्याच कारखान्याच्या जनुकांत. त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि अर्धवट बनलेले पदार्थ साचतात. डॉक्टरांनी एकाच मलमात 2 टक्के कोलेस्टेरॉल आणि 2 टक्के लोव्हास्टॅटिन घातलं. एकानं कमतरता भरायची, दुसऱ्यानं साचणं थांबवायचं. कोलेस्टेरॉल आणि त्याचा शत्रू एकाच डबीत! अनेक रुग्णांचे चट्टे यानं निवळले. गोळीपेक्षा मलमाची ही वाट मला जास्त आशेची वाटते.

आणखी एक नवल. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या ‘एपीओई’ प्रथिनाचा ‘ई4’ हा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो. पण मेलानोमाच्या रुग्णांत तोच प्रकार जास्त जगण्याशी जोडलेला दिसला, असं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठानं 2020मध्ये दाखवलं.

तेव्हा कर्करोगासाठी म्हणून स्टॅटिन स्वतःहून सुरू करू नका, आणि हृदयासाठी चालू असेल तर बंदही करू नका. त्यापेक्षा त्वचेवर लक्ष ठेवा. सावळ्या त्वचेत मेलानोमा बहुतेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली उगवतो. गायक बॉब मार्ले 1981मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या मेलानोमानंच गेले. तळपायावर नवा किंवा वाढता काळा डाग दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.