काळ्या वाळूतील चुंबकाची निवड

परभणी जिल्ह्यातील पाथरी तालुक्यात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेला बेसॉल्ट असून लोह आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांचे बारीक कण त्यात विखुरलेले असतात. पाषाण झिजल्यावर हे कण ओढ्यांवाटे गोदावरीत येतात, जड असल्यामुळे वाळूत काळ्या पट्ट्यांच्या रूपाने साचतात, आणि अशा वाळूतून साधे लोहचुंबक फिरवले तरी त्याला चिकटतात.

खनिज उद्योगातील चुंबकीय विलगीकरण, म्हणजे चुंबकाच्या ओढीतील फरकावरून खनिजे वेगळी करण्याची पद्धत, याच गुणावर उभी आहे. मॅग्नेटाइट चुंबकाकडे जोराने ओढले जाते; इल्मेनाइट, हेमॅटाइट आणि मँगनीजची बहुतेक खनिजे क्षीणपणे ओढली जातात; गार आणि झिरकॉन यांच्यावर मात्र परिणाम जवळजवळ होत नाही. म्हणून प्रथम 0.1 ते 0.2 टेस्ला इतके सौम्य क्षेत्र असलेला ड्रम वापरतात, ज्याचे कवच फिरते पण आतील चुंबक स्थिर असते. कवचाला चिकटलेले मॅग्नेटाइट चुंबकाची हद्द संपताच गळून पडते, आणि बाकीची वाळू त्याआधीच खाली गेलेली असते. उरलेल्या मालासाठी 1 ते 2 टेस्लापर्यंतची तीव्र क्षेत्राची यंत्रे लागतात. हा क्रम उलटा केला, तर मॅग्नेटाइट तीव्र यंत्रात घट्ट अडकून ते तुंबवते. गोव्यातील हेमॅटाइटच्या बारीक गाळासाठी तीव्र क्षेत्राची यंत्रे पाण्यासह चालवतात, कारण कोरडी धूळ एकमेकांना चिकटून राहते.

महाराष्ट्रातील खरी कसोटी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लागते. काळबादेवी, नेवरे, मालगुंड येथील काळ्या वाळूत, पांढऱ्या रंगद्रव्याचा कच्चा माल असलेले इल्मेनाइट आढळते, आणि तिचेही मूळ प्रामुख्याने दख्खनच्या बेसॉल्टमध्येच आहे. अडचण अशी की या पाषाणातील अनेक कणांत मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट यांचे अतिसूक्ष्म थर एकमेकांत गुंतलेले असतात. सौम्य ड्रम असा जोडकण मॅग्नेटाइट समजून उचलतो आणि हवे असलेले इल्मेनाइट त्याच्याबरोबर निघून जाते. कण आणखी बारीक दळावेत, तर विजेचा खर्च वाढतो आणि हाती न लागणारा गाळ तयार होतो. शिवाय हे टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट लोखंडासाठीही फारसे उपयोगी नसते, कारण टायटॅनियममुळे झोतभट्टीतील मळी दाट होऊन वाहीनाशी होते.

अशा वाळूच्या बाबतीत, चुंबक किती टेस्लाचे घ्यावे हे ठरवण्यापूर्वी कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कोणते खनिज मोकळे आहे आणि कोणते अडकलेले आहे हे पाहणे आवश्यक ठरते. ती तपासणी टाळून घेतलेले महागडे यंत्रही जोडकण वेगळे करू शकत नाही.