पांगाऱ्याची फळी

चिंचोटीच्या धबधब्याकडे लोक पावसाळ्यात जातात. माझं म्हणणं, एकदा फेब्रुवारी सरताना जावं. महामार्ग सोडून तुंगारेश्वरच्या डोंगराकडे वळलं की पानं गळलेल्या रानात पळस आणि सावरीच्या जोडीला पांगारा लालभडक फुललेला असतो. खोडावर काटे, फांदीला एक पान नाही, टोकांना फुलांचे झुबके आणि त्यांवर मैना-बुलबुलांची झुंबड. या झाडाचा एक भाऊबंद इथून जवळपास तेरा हजार किलोमीटरवर, हवाई बेटांच्या कोरड्या उतारांवर वाढतो. त्याचं नाव विलीविली. हवाईचे सरदार-राजे त्याच्या लाकडाच्या फळ्यांवरून समुद्राच्या लाटांवर घसरत येत असत.

दोघांची प्रजाती (जीनस) एकच, एरिथ्रिना. हवाईत फळ्यांचे प्रकार होते. सर्वसामान्यांची ‘अलाइया’ ही पातळ, आखूड फळी कोआच्या किंवा विलायती फणसाच्या लाकडाची असे. ‘ओलो’ मात्र पंधरा-सोळा फुटांची, जाड आणि फक्त सरदार घराण्यांसाठी राखलेली. तिला शक्यतो विलीविली वापरत, कारण एवढी मोठी फळी कोआची केली तर फारच जड होई. समुद्रातून परतल्यावर ती उन्हात वाळवायची, कुकुईच्या बियांचं तेल चोळायचं आणि कापडात गुंडाळून ठेवायची. हे लोक विलीविलीच्या लाकडाचे तुकडे मासेमारीच्या जाळ्यांनाही बांधत, जाळं वर तरंगत राहावं म्हणून. पांगाऱ्याचं लाकूडही आशियाच्या किनाऱ्यांवर याच कामाला वापरलं गेलं आहे. मधे दोन महासागर, पण लाकूड हातात घेतल्यावर माणसाला सुचलं तेच.

हा हलकेपणा येतो कुठून? पांगारा भराभर वाढतो. त्याच्या लाकडात पाणी आणि अन्न साठवणाऱ्या, पातळ भिंतींच्या पेशींचे रुंद पट्टे असतात. जिवंत झाडात त्या पाण्यानं भरलेल्या असतात. ओंडका वाळला की पाणी जातं आणि त्या जागी हवा येते. मग उरतं ते पाण्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढ्या घनतेचं लाकूड. साग याच्या दुप्पट-तिप्पट जड. म्हणजे सर्फबोर्डच्या पोटात कारखान्यानं जी हवा कोंडायची, ती इथे झाडानंच लाखो कप्प्यांत भरून ठेवलेली असते. आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. पांगाऱ्याच्या बिया खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ तरंगतात आणि नंतरही रुजतात. विलीविलीचे पूर्वज हवाईला पोचले ते बहुधा असेच, बी होऊन लाटांवरून. माणसानं त्याच्या फळीवर उभं राहण्याच्या कितीतरी आधी हे झाड समुद्रावरून प्रवास करून आलं होतं.

मग फळ्या बनवताना लाकूड मागे का पडलं? टॉम ब्लेक या अमेरिकी माणसानं 1920च्या दशकात होनोलुलूच्या बिशप म्युझियममधल्या जुन्या ओलो फळ्या दुरुस्त केल्या आणि तशीच एक नवी घडवली. ती हलकी करण्यासाठी त्यानं लाकडात शेकडो भोकं पाडली आणि वरून पातळ फळी चिकटवून ती बंद केली. पुढे सांगाडा आणि पातळ कवच असलेली पोकळ फळी बनवून त्यानं 1932मध्ये तिचं पेटंट मिळवलं. 1935मध्ये फळीखाली पर बसवला तोही त्यानंच. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलियुरेथेनचा फेस, काचतंतू आणि राळ आली, आणि फळी तीनेक किलोंवर उतरली. फेस आणि राळ दोन्ही पेट्रोलियममधून आलेली. 5 डिसेंबर 2005ला क्लार्क फोम या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यानं एकाएकी दारं बंद केली. अमेरिकेतल्या बहुतेक फळ्यांचा गाभा तिथूनच येत असे आणि तो टीडीआय या विषारी रसायनापासून बनत असे. त्या धक्क्यानं कारागीर दुसरं काही शोधू लागले. त्यातला एक पर्याय म्हणजे पॉलिस्टायरीन, आपल्या बोलीत थर्माकोल. ज्याच्या मखरांवर महाराष्ट्र सरकारनं 2018मध्ये बंदी घातली, तोच पदार्थ. मोडक्या फळीतून सुटलेले त्याचे मणी वाळूत मिसळले की वेचता येत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. पर्याय म्हणून जगभर जी नावं घेतली जातात, ती वाचताना मला आपल्याच शेतातून फिरल्यासारखं वाटतं. गॅरी लिंडन हा कॅलिफोर्नियाचा कारागीर अगेव्हच्या दांड्यांपासून फळ्या करतो. अगेव्ह म्हणजे बांधावरचं घायपात, ज्याच्या पात्यांतून दोरासाठी वाख काढतात. ते आयुष्यात एकदाच फुलतं. मधोमध वीस-पंचवीस फूट उंच दांडा येतो, बी धरतं आणि झाड मरतं. वाळलेला दांडा आतून भुसभुशीत, बाहेरून कडक. जिवंत झाड तोडावं लागत नाही. काचतंतूंच्या जागी काही जण तागाचं नाहीतर फ्लॅक्सचं कापड वापरतात, आणि फ्लॅक्स म्हणजे आपलं जवस, ज्याची चटणी विदर्भात रोज पानात असते. ऑस्ट्रेलियाचा टॉम वेगेनर पावलोनियाच्या लाकडाची अलाइया बनवतो, तिला काचतंतूही नाहीत आणि राळही नाही, वरून फक्त जवसाच्या तेलाचा हात. पाय घसरू नये म्हणून फळीला पॅराफिन फासतात, त्याऐवजी मधमाश्यांचं मेण आणि खोबरेल चालतं. थंड पाण्यासाठीचे पोशाखही आता निओप्रीनऐवजी झाडाच्या चिकापासून, म्हणजे नैसर्गिक रबरापासून होऊ लागले आहेत. पॅटागोनिया कंपनीनं 2016मध्ये तो बदल केला. तशा रबराच्या बागा आपल्या दोडामार्ग तालुक्यातही आहेत.

पांगारा या यादीत सहसा दिसत नाही, त्याला कारणंही आहेत. लाकूड मऊ, बुरशी चटकन धरणारं, पोखरणाऱ्या किड्यांचं आवडतं. उघडं ठेवलं तर पाणी पितं. पण सर्फबोर्डच्या गाभ्याला फार मजबूत असावं लागत नाही. फळी वाकते तेव्हा ताण येतो तो मुख्यतः वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर. मधल्या भागाचं मुख्य काम ते दोन थर एकमेकांपासून दूर धरून ठेवणं. पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या नागमोडी कागदाचं काम तेच. पांगाऱ्याचा वाळवलेला गाभा, त्यावर जवसाच्या किंवा तागाच्या कापडाचं कवच, वनस्पतिजन्य राळेचा अंश असलेलं इपॉक्सी: यातलं काहीही अशक्य नाही. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याच्या मऊ लाकडातून खेळण्यातली फळं घडवत आले आहेत, म्हणजे हे लाकूड वाळवायचं कसं, तासायचं कसं याची जाण हाताशी आहे. वसई-अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांत होडीचा बाक नजरेनं जोखणारी माणसं आहेत. झाडंही रानातून आणायला नकोत. अभयारण्यातल्या पांगाऱ्याला हातच लावता येत नाही, आणि लावूही नये. पांगाऱ्याची जाड फांदी कुंपणात खोचली तरी तिला पालवी फुटते. पानमळ्यात वेलीच्या आधाराला तो लावतातच.

फक्त एका शत्रूकडे लक्ष ठेवावं लागेल. क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी ही तिळाहून लहान गांधीलमाशी पांगाऱ्याच्या कोवळ्या पानांत अंडी घालते. पानं गाठाळतात, शेंडे मरतात. शास्त्रानं तिला नाव दिलं 2004मध्ये. 2005मध्ये ती हवाईत पोचली आणि विलीविलीची रानंच्या रानं वठली. त्याच सुमारास ती केरळात मिरीच्या वेलांना आधार देणाऱ्या पांगाऱ्यांवर दिसली. हवाईच्या शास्त्रज्ञांनी टांझानियातून तिच्या अळ्या खाणारी दुसरी गांधीलमाशी शोधून आणली आणि तपासण्या करून 2008मध्ये सोडली. विलीविलीला पुन्हा पालवी फुटली, फुलांवरचा आणि बियांवरचा हल्ला मात्र पुरता थांबलेला नाही. म्हणून पांगाऱ्याची रोपवाटिका करणाऱ्यानं कोवळ्या शेंड्यांवर गाठी दिसताच तो शेंडा छाटून जाळावा, आणि एकाच झाडाच्या फांद्या सगळीकडे न लावता निरनिराळ्या झाडांचं बी रुजवावं.