दगडी फायरप्लेसला धातूची पट्टी बसविणे : औष्णिक प्रसरणाचा एक उपयोग

औष्णिक प्रसरणाचे सूत्र तुम्ही शिकला आहात. या पाठात ते एका प्रत्यक्ष कामाला लावून पाहू. शिमला, मसुरी, उटी येथील जुन्या बंगल्यांत भिंतीत बांधलेली दगडी फायरप्लेस आढळते. तिच्या तोंडाभोवतीची फट झाकण्यासाठी पितळेची किंवा पोलादाची पट्टी लावतात. ही पट्टी सर्व टोकांना घट्ट आवळली, तर ती मध्येच फुगते, स्क्रू ढिले होतात किंवा दगडाची कड उडते. असे का होते?

१. कारण

तापमान वाढले की दगडापेक्षा धातू अधिक लांबतो. दर अंश सेल्सिअसला रेषीय प्रसरणांक साधारणपणे असे आहेत :

• ग्रॅनाइट : ८ × १०⁻⁶
• साधे पोलाद : १२ × १०⁻⁶
• पितळ : १९ × १०⁻⁶
• ॲल्युमिनियम : २३ × १०⁻⁶

शिवाय आगीजवळची पातळ पट्टी लवकर तापते, तर जाड दगड सावकाश तापतो.

२. उदाहरण

१२०० मिमी लांबीची पितळी पट्टी १००° ने आणि तिच्यामागचा ग्रॅनाइट ४०° ने तापला असे समजा.

पितळ : १९ × १०⁻⁶ × १२०० × १०० = २.२८ मिमी
ग्रॅनाइट : ८ × १०⁻⁶ × १२०० × ४० = ०.३८ मिमी
फरक : १.९० मिमी

फरक किरकोळ वाटतो. पण तो पूर्णपणे रोखायचा तर किती बल लागेल? पितळेचा यंग गुणांक सुमारे १०० गिगापास्कल आहे. पट्टीचा छेद ४० × ३ मिमी धरला, तर बल सुमारे १९ किलोन्यूटन येते, म्हणजे जवळपास १९०० किलोग्रॅम वजनाएवढे! प्रत्यक्षात पट्टी त्याआधीच वाकते, आणि ताण स्क्रूंवर व दगडावर येतो.

३. उपाय

पट्टी रोखू नका, तिला सरकू द्या.

• मधला एकच स्क्रू घट्ट बसवा. मग प्रत्येक टोक फक्त ०.९५ मिमी सरकेल.
• बाकीची छिद्रे लांबट ठेवा. ५ मिमी स्क्रूसाठी ८ मिमी लांबीचे छिद्र केल्यास दोन्ही बाजूंना १.५ मिमी जागा मिळते. तेथे वॉशर घाला आणि स्क्रू फार आवळू नका.
• शक्य असेल तेथे दगडाऐवजी दरजेतील चुन्यात किंवा सिमेंटमध्ये छिद्र पाडा. चुकले तरी दरज पुन्हा भरता येते. दगड भरून येत नाही.
• प्लास्टिकची गिट्टी उष्णतेने मऊ होते, म्हणून धातूचा अँकर वापरा. अनेक साध्या इपॉक्सीही तापल्यावर पकड सोडतात.

४. गंजाचा धोका

गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभीच्या डागडुजीत वापरलेल्या लोखंडी पकडी गंजल्या आणि संगमरवर तडकला. पुढील जीर्णोद्धारात त्यांच्या जागी टायटॅनियम आले. ते गंजत नाही आणि त्याचे प्रसरणही दगडाच्या जवळचे आहे. म्हणून दगडात जाणारे स्क्रू गंजरोधक पोलादाचे निवडा.

स्वाध्याय

वरील उदाहरणात पितळेऐवजी ॲल्युमिनियम घ्या. ८ मिमी लांबीचे छिद्र पुरेल का? गणिताने दाखवा.