परग्रहावरील माणसे आणि मराठी क्रियापद

विज्ञानकथेतील परग्रह वाचकास पटतो, तेथील स्त्रीपुरुषभेदरहित माणूस मात्र पटत नाही. याचे खापर सनातनी वृत्तीवर फोडले जाते. आमच्या मते अर्धा अडसर व्याकरणाचा आहे. अर्सुला ल ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीतील गेथेनवासी एरवी स्त्री नसतात नि पुरुषही नसतात. महिन्यातून काही दिवस त्यांस कोणते तरी एक रूप येते. तेथील राजासही दिवस जातात. (‘गर्भवती’ म्हटले असते, तर आम्हीच त्याची राणी केली असती!) लेखिकेने सर्वांस ‘तो’ म्हटले, १९७६ त त्याचे समर्थन केले, १९८७ त ते मागे घेतले.

मराठीत पेच अधिक बिकट. ‘मी’ बोलू लागला की ‘आलो’ वा ‘आले’ ठरवावेच लागते. नपुंसकलिंग आहे खरे. पण ते पोरावासरांपुरतेच शोभते, प्रौढास लावता हेटाळणी होते. विठ्ठलास ‘विठाई’ म्हणताना मात्र जीभ अडखळत नाही. शिवाय १९६२ च्या नियमांनी अनुस्वार गेल्यापासून नपुंसकलिंगी ‘ते आले’ आणि आदरार्थी ‘ते आले’ लेखनात एकरूप झाले आहेत. भाषांतरकाराने प्रथम हेच योजून पाहावे.