फोटोची कोरी पाठ

जुन्या छापील फोटोच्या पाठीवर बहुतेक वेळा काहीतरी लिहिलेले सापडते. स्टुडिओचा शिक्का, एखादी तारीख, शाईपेनाने लिहिलेली दोन नावे, ‘बारसे’ किंवा ‘उरूस’ असा एखादाच शब्द. तेवढ्यावर चाळीस वर्षांनीही तो फोटो ओळखता येतो. आज इचलकरंजीजवळच्या कबनूरमधल्या एखाद्या घरातल्या हार्ड डिस्कवर लग्ने, जंदीसाहेब-ब्रॉनसाहेबांचा उरूस, शेडमधले माग, महापूर असे हजारो फोटो साठलेले असतात आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाची पाठ कोरी असते. फोटो नीट लावण्याच्या सॉफ्टवेअरबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच समजुतीतून निघतात: फोटो आहे म्हणजे त्यात सगळे आलेच, उरलेले यंत्र शोधून काढेल. वस्तुस्थिती अशी की फोटोत दिसते तेवढेच यंत्राला कळते. जे दिसत नाही, ते माणसाने शब्दांत आणि योग्य जागी लिहून ठेवावे लागते.

सर्वांत पसरलेला समज म्हणजे ‘आता एआय आपोआप ओळखते, कीवर्ड कशाला घालायचे?’ यात तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. चेहऱ्यांचे गट पाडणे, फलकावरची अक्षरे वाचणे, केक, बैल, नदी, मोटारसायकल ओळखणे ही कामे आजची सॉफ्टवेअर चांगली करतात आणि पहिल्या चाळणीसाठी त्यांचा उपयोग जरूर करावा. पण मागाच्या शेडमधला फोटो त्यांच्यासमोर ठेवला, तर उत्तर ‘यंत्र’, ‘कारखाना’, ‘माणूस’ याच्या आसपास घुटमळण्याची शक्यता जास्त. तो साधा माग आहे की बिनधोट्याचा रॅपिअर, वाकून बसलेला माणूस माग दुरुस्त करणारा जॉबर आहे की नव्या बीमाचे धागे वहीफणीतून ओवणारा कामगार, शेड मालकाच्या सुतावर चालते की दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणाऱ्या खर्चीवाल्याची आहे, हे इचलकरंजी-कबनूरच्या माणसाला एका नजरेत कळते. जगभरच्या फोटोंवर शिकवलेल्या यंत्राला या शब्दांची ओळख असण्याचे फारसे कारण नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला आणि त्याभोवती कामांची एक पूर्ण शब्दसंपदा उभी राहिली. आता साधे माग भंगारात निघत असताना ते शब्द फोटोसोबत न ठेवणे हे मोठे नुकसान आहे. पुराचेही तसेच. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पंचगंगा नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. गुडघाभर गढूळ पाण्यातून ट्रॅक्टर चालला आहे, एवढेच दाखवणारा फोटो कोणत्या वर्षाचा, हे चित्र सांगू शकत नाही. चेहऱ्यांचा गट बरोबर जमला तरी त्याला ‘आक्का’ नाव दिले, तर कोणाची आक्का? आपल्याकडे प्रत्येक घरात एक आक्का आणि एक आण्णा असतातच. म्हणून हाकेच्या नावासोबत पूर्ण नाव आणि लग्न झालेल्या बाईचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे लिहिणे आवश्यक आहे.

‘फोल्डर करून ठेवलेत, तेवढे पुरे’ हा दुसरा समज. फोल्डर वाईट नसतात. वर्ष आणि प्रसंगानुसार केलेले फोल्डर हा चांगला पाया आहे. मात्र एक फाइल एकाच फोल्डरात बसते आणि एक फोटो अनेक गोष्टींचा असतो. आजोबा उरुसाच्या दिवशी शेडच्या दारात उभे आहेत, मागे आता पाडलेले घर दिसते आहे. हा फोटो आजोबांचा, उरुसाचा, शेडचा की घराचा? प्रती काढून चार फोल्डरांत टाकल्या, तर पुढे खरी प्रत कोणती याचाच घोळ होतो. कीवर्ड मात्र एकाच फोटोला चार काय, चाळीस घालता येतात. तारखेवरही डोळे झाकून भिस्त ठेवू नये. कॅमेरा फोटो काढल्याची वेळ एक्झिफ नावाच्या नोंदीत लिहितो, पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवताना ती नोंद गळते. फाइलच्या नावात उरते ती पाठवल्याची किंवा मिळाल्याची तारीख. म्हणून २०१९ च्या पुराचा फोटो २०२१ मध्ये आला, तर फाइलचे नाव २०२१ च सांगणार. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर स्कॅनच्या दिवसाची तारीख चढते. ती स्वतः बदलावी लागते. आणि स्कॅन करताना पाठीची बाजूही घ्यावी, कारण शिक्का आणि हस्ताक्षर तिथे असते.

तिसरा समज सर्वांत महागात पडतो: ‘सॉफ्टवेअरमध्ये एकदा कीवर्ड घातले की ते फोटोत गेले.’ कीवर्ड दोन ठिकाणी राहू शकतात, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये किंवा फाइलच्या आत. फाइलच्या आतली जागा काही नवी नाही. वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या संघटनेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बातमीसोबतच्या माहितीसाठी रकाने ठरवले आणि अडोबीने २००१ मध्ये एक्सएमपी ही अधिक मोकळी पद्धत आणली. डिजिटल फोटोची पाठ ती हीच. पिकासा या फोटो लावण्याच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण बघा. गूगलने २०१६ मध्ये ते बंद केले. ज्यांनी जेपेग फोटोंना त्यात कीवर्ड घातले होते, त्यांचे शब्द फाइलमध्येच असल्याने वाचले. अल्बम आणि, मुद्दाम सोय चालू केली नसेल तर, चेहऱ्यांची नावेही पिकासाच्या स्वतःच्या नोंदींत अडकली. अडोबीचे लाइटरूम कीवर्ड आधी कॅटलॉगमध्ये ठेवते. ते फाइलमध्ये उतरवण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. गूगल फोटोजमध्ये लिहिलेले वर्णन मूळ फाइलमध्ये जात नाही, सगळा संग्रह उतरवून घेतला तर ते शेजारच्या वेगळ्या जेसन फाइलमध्ये मिळते. डिजिकॅम हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर दोन्हीकडे लिहू शकते, पण सेटिंग तपासूनच कामाला बसावे. इथे एक शंका हमखास येते: फाइलमध्ये लिहिल्याने फोटो खराब होत नाही का? जेपेग पुन्हा दाबून जतन केला तर दर्जा घटतो, हे खरे. कीवर्ड लिहिताना मात्र चित्राचा भाग तसाच राहतो, माहितीचा कप्पा तेवढा बदलतो. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलला हात लावायचा नसेल, तर शेजारी छोटी एक्सएमपी फाइल ठेवता येते. दोन्ही मात्र एकत्रच हलवाव्यात.

‘कीवर्ड इंग्रजीतच घालावे लागतात’ हेही चूक आहे, पण या समजामागे खरी अडचण होती. आयपीटीसीच्या जुन्या पद्धतीत कीवर्डला ६४ आणि शहराच्या रकान्याला ३२ बाइट एवढीच जागा आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. ‘कबनूर’ १५ बाइटांत बसते, ‘कोल्हापूर’ २७ मध्ये. ‘छत्रपती संभाजीनगर’ला ४९ लागतात, म्हणून शहराच्या रकान्यात ते कापले जाते. एक्सएमपीमध्ये ही मर्यादा नाही, तेव्हा मराठी तिथेच लिहावी. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेले वर्णन शोधात सापडत नाही, ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. युनिकोडमध्येही ‘शेतकऱ्यांचा’ मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणक त्यांना वेगळे शब्द मानू शकतो. ‘उरूस’ आणि ‘उरुस’ तर उघडच दोन शब्द. ‘पूर’ शोधले की अनेक सॉफ्टवेअर कोल्हापूरही समोर आणतात, म्हणून ‘महापूर २०१९’ असा कीवर्ड बरा. यावर उपाय एकच आहे: कीवर्डांची ठरलेली यादी करायची आणि दर वेळी टंकण्याऐवजी तिच्यातून निवडायचे. कोल्हापूर जिल्हा, त्यात हातकणंगले तालुका, त्यात कबनूर अशी उतरंड केली की गाव निवडताना तालुका-जिल्हाही लावून घेता येतो. इंग्रजीत हा गोंधळ नाही, असे म्हणणाऱ्यांनी ‘कबनूर’ची आणि ‘उरूस’ची रोमन स्पेलिंगे किती होतात ते मोजून पाहावे. परदेशातल्या नातेवाइकांसाठी गावाचे रोमन नाव जोडीला ठेवावे. ‘वहीफणी’ मात्र वहीफणीच राहू द्यावी.

उरतो वेळेचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. वीस हजार फोटो एकेक करून कुणी लावत बसू शकत नाही. तशी गरजही नाही. उरुसाचे तीनशे फोटो एकत्र निवडून ठिकाण, वर्ष आणि प्रसंग एका दमात लागतात. मग त्यातल्या जपण्यासारख्या वीस-तीस फोटोंना नावे द्यायची. आधी नकोसे आणि दुबार फोटो काढले की ओझे आणखी हलके होते. सुरुवात मात्र नव्या फोटोंपासून न करता जुन्यांपासून करावी, कारण परवाच्या लग्नातले चेहरे दहा वर्षांनीही कुणीतरी सांगेल, १९७५ च्या शेडमधल्या जॉबरचे नाव सांगणारा आता एखादाच असेल. पहिले पन्नास झाले की त्यातला एक फोटो पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडावा. तिथे ‘कबनूर’ आणि त्या जॉबरचे नाव दिसले, तर पुढचे पन्नास घ्यावेत. न दिसल्यास थांबून आधी सेटिंग दुरुस्त करावे.